हजार टोन आणि पिंपळाखालची रांग

शुक्रवार, संध्याकाळचे सव्वासहा. आठवड्याचा रिपोर्ट बॉसच्या मेलबॉक्समध्ये ढकलून मी बॅग उचलणार, एवढ्यात मोबाइल वाजला. मालवणहून मामेभाऊ.

"दादा, हपिसात असस? कीबोर्ड घेवचो असा. खयचो घेव?"

आता मंडळी, खरं सांगतो, असा प्रश्न कुणी विचारला की आपली कॉलर आपोआप ताठ होते. आम्ही ऑफिसातल्या चार टाळक्यांनी मिळून एक बँड काढलाय. वर्षाला एक अ‍ॅन्युअल डे, दोन मित्रांची लग्नं आणि कधीतरी एखादा पब. त्यात मी कीबोर्ड बडवतो. म्हणजे तज्ज्ञच की! भाऊ मात्र खरा वाजवणारा. दिवसा मोबाइल दुरुस्तीचं छोटं दुकान, आणि तुळशीचं लग्न लागलं की मेपर्यंत जत्रा, लग्नं, ऑर्केस्ट्रा, डबलबारी. एकदा पाऊस सुरू झाला की या खात्यावर जमा शून्य. कीबोर्डसाठी त्याने पतसंस्थेतून एक लाख दहा हजारांचं कर्ज काढलं होतं. छत्तीस हप्ते. सीझन हुकला तर हप्ते कुठून भरायचे, हा प्रश्न त्याने विचारला नाही आणि मलाही सुचला नाही.

मी त्याला काय सांगितलं असेल? अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, पियानोसारखा जड टच, हजारावर टोन, भला मोठा स्क्रीन. थोडक्यात, मला स्वतःला हवा होता पण ईएमआय झेपत नव्हता, तो वर्कस्टेशन. सेकंडहँड मिळाला, व्यवहार मीच ठरवला आणि सगळं बजेट तिथेच संपलं. "आणि अ‍ॅम्प?" असं त्याने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "अरे, साउंडवाला असतोच ना!"

हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

ती पेटी केससकट तीस किलोच्या आसपास भरली. तुतारी एक्स्प्रेसमध्ये मी ती दादरला चढवली, तेव्हा समोरच्या काकांनी अत्यंत गंभीरपणे विचारलं, "आत कोण आहे?" कुडाळला भाऊ मोटरसायकल घेऊन उभा होता. त्याने आधी मोटरसायकलकडे बघितलं, मग पेटीकडे, मग माझ्याकडे. काही बोलला नाही. रिक्षा केली. त्या सीझनला प्रत्येक कार्यक्रमाला त्याला रिक्षा किंवा टेम्पो करावा लागला, आणि भाडं बिदागीतून जायचं.

मालवण तालुक्यातल्या एका गावची जत्रा. देवळासमोरचं मोकळं आवार, कडेला खाजावाल्यांच्या रांगा, पार मागे पिंपळाचा पार. आधी भावाचा ऑर्केस्ट्रा, मध्यरात्रीनंतर दशावतार. साउंडवाल्याकडे एक मिक्सर, दोन कर्णे आणि दोन बॉक्स. भावाच्या कीबोर्डपासून मिक्सरपर्यंत पंधरा मीटर लांब साधी जॅकची वायर ओढलेली. पहिली सुरावट वाजली आणि तिच्यासकट कर्ण्यातून एक लांबलचक 'हुंऽऽऽ' आला. आवाज वाढवला की हुंकारही वाढतो. कमी केला तर पियानो पातळ, टिनपाटासारखा. तिसऱ्या गाण्यात जनरेटरने उचकी दिली, लाइट गेले आणि पाच सेकंदांत परत आले. सगळं सुरू झालं, पण आमच्या वर्कस्टेशनच्या स्क्रीनवर कंपनीचा लोगो. मोठी यंत्रं म्हणजे आत एक कॉम्प्युटरच, त्यातल्या काहींना सुरू व्हायला दोनेक मिनिटं लागतात. गायक बिचारा ढोलकीवर गात राहिला. मामी मागे पारावर बसली होती. घरी आल्यावर म्हणाली, "मागे कायच आयकाक येय नाय होता." भाऊ जेवला नाही त्या रात्री.

पण मी आवारातून लगेच हललो नव्हतो, दशावतार बघायला थांबलो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, त्यात रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला मनाई आहे. सरकारने परवानगी दिलेल्या वर्षातल्या मोजक्या दिवशीच १२ पर्यंत मुभा. त्यामुळे गावकऱ्यांनी कर्णे बंद केले होते. रंगमंचाच्या कडेला पायपेटी, पखवाज आणि झांज. पायपेटीचा भाता पायाने हलतो, त्यामुळे वाजवणाऱ्याचे दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. राजा काय बोलणार आणि कुठल्या शब्दावर गाणं उचलणार, हे राजालाही ऐन वेळी कळतं. पेटीवाल्याची नजर नटाच्या चेहऱ्यावरून हलत नाही. राक्षस आला की पाय जोरात, राणीचा विलाप सुरू झाला की पाय जवळजवळ थांबलेला, नुसता श्वास घेतल्यासारखा सूर. मी उठून मुद्दाम पिंपळाखाली गेलो. तिथेही ऐकू येत होतं!

पहाटे चहाच्या टपरीवर पेटीमास्तर भेटले. सत्तरी गाठलेली असेल. मी आपली कर्मकहाणी सांगितली. ते बशीतला चहा फुंकत म्हणाले, "बाबू, तुज्या पेटयेत हजार आवाज असत. पण त्येतलो एक तरी पिंपळाखाली पोचलो काय?"

मुंबईला परतताना रात्रभर हेच डोक्यात. शेवटी ते धूड पणजीच्या एका स्टुडिओवाल्याला विकलं. अठरा हजारांचा फटका बसला. त्यातले निम्मे मी भरले (उरलेले भावाने घेतले नाहीत, त्यावरून आमचं भांडणही झालं). आणि मग शून्यापासून खरेदी सुरू केली, पण या वेळी उलट्या टोकाने. आधी पिंपळ, मग स्पीकर, मग वायर आणि सगळ्यात शेवटी कीबोर्ड.

पिंपळापासून सुरू केलं की काही गोष्टी ताबडतोब कळतात. माझ्या डोंबिवलीच्या फ्लॅटमध्ये वीस वॉटचा अ‍ॅम्प शेजाऱ्यांना उठवतो, कारण चार भिंती आवाज परत आत ढकलतात. मालवणातच मामा वरेरकर नाट्यगृहासारख्या बंदिस्त जागेत वाजवणं वेगळं आणि देवळाच्या आवारात किंवा तारकर्लीच्या किनाऱ्यावर वाजवणं वेगळं. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. आणि वॉट दुप्पट केले तर फक्त तीन डेसिबल मिळतात. म्हणजे शंभरचा दोनशे वॉट केलात तर कानाला जेमतेम फरक. कानाला दुप्पट वाटायला दहापट वॉट लागतात. तेव्हा दुकानदार वॉटचा आकडा फेकायला लागला की हसून मान डोलवा आणि स्पीकर कुठे, किती उंचावर ठेवायचा ते विचारा. लोकांच्या डोक्यांवरून जाईल इतका स्टँड उंच केला की जो फरक पडतो, तो बरेचदा पुढच्या मॉडेलने पडत नाही.

भावासाठी आम्ही बारा इंची एक पॉवर्ड स्पीकर घेतला, म्हणजे अ‍ॅम्प आतच असलेला. गिटारचा अ‍ॅम्प स्वस्तात मिळत होता, तो घेतला नाही. गिटार अ‍ॅम्प मुद्दाम आवाजाला स्वतःचा रंग देतो. गिटारला ते शोभतं, पण कीबोर्डमध्ये खालच्या बासपासून वरच्या घंटेपर्यंत सगळं असतं, आणि ते जसंच्या तसं बाहेर यायला हवं. मोठ्या कार्यक्रमात हाच स्पीकर भावाच्या बाजूला मॉनिटर म्हणून बसतो. स्वतःचं नीट ऐकू आलं की वाजवणारा उगाच आवाज वाढवत नाही, आणि छोट्या लग्नात तोच स्पीकर पुढे उभा करून काम भागतं.

आता वायर. या विषयावर कुणी बोलत नाही, कारण वायर काही फोटोत छान दिसत नाही. कीबोर्डची साधी जॅकची वायर पाच-सहा मीटरच्या पुढे नेली की ती अ‍ॅण्टेनासारखी वागते आणि आजूबाजूच्या विजेची गुणगुण गोळा करते. यावर उपाय म्हणजे डीआय बॉक्स. तळहाताएवढी लोखंडी डबी, दोन-अडीच हजारांपासून मिळते. कीबोर्ड तिच्यात लावायचा, आणि तिच्यातून माइकसारखी तीन पिनांची वायर मिक्सरकडे. मग पंधरा काय, पन्नास मीटर न्या. डबीवर ग्राउंड लिफ्ट नावाचं एक बटण असतं, ते दाबलं की बऱ्याचदा तो 'हुंऽऽऽ' गायब. लॅमिंग्टन रोडवरून ती डबी मी माझ्या पैशाने घेतली. प्रायश्चित्त म्हणा.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. हुंकार घालवायला प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन तोडणारे महाभाग गावोगावी आहेत, आणि मुंबईच्या कॉलेज फेस्टमध्येही पाहिलेत. असं अजिबात करू नका. अर्थिंग तुटलेल्या यंत्रात बिघाड झाला तर करंट कीबोर्डच्या धातूवर किंवा गायकाच्या ओठाला टेकलेल्या माइकवर येऊ शकतो. जनरेटरवर, ओल्या जमिनीवर, अनवाणी पायांनी वाजवणाऱ्याला तर दुसरी संधीही मिळत नाही. हुंकार सिग्नलच्या वायरीत तोडायचा, विजेच्या वायरीत नाही.

आमचा पियानो टिनपाट का वाटत होता? तर साउंडवाल्याने डावा-उजवा दोन्ही आउटपुट एका वायरीत मुरगळून टाकले होते. स्टीरिओ पियानोचे दोन आवाज असे जबरदस्तीने एकत्र केले की काही सूर एकमेकांना खाऊन टाकतात. जत्रेतली सिस्टीम बहुतेक वेळा मोनोच असते. अशा वेळी ज्या भोकावर 'मोनो' लिहिलंय, तेवढंच वापरायचं. फुकटातला इलाज!

एवढं झाल्यावर राहिलेल्या पैशांत कीबोर्ड. भारतातल्या वाजवणाऱ्यांसाठी केलेले पर्याय आता बरेच आहेत. यामाहाची पीएसआर-आय मालिका, कॅसिओचे 'आयएन' शेपटीचे सीटी-एक्स, रोलँडचे एक्सपीएस-१० आणि एक्सपीएस-३०. सतार-तबल्यासारखे आवाज यांच्यात आधीच भरलेले असतात. यामाहा आणि कॅसिओच्या या पेट्यांत स्वतःचे छोटे स्पीकर असतात, तालमीला बरे पडतात. एक्सपीएसला स्पीकर नाहीत, तो थेट स्टेजचा प्राणी. खरेदी करताना मागची बाजू आधी बघा. काही स्वस्त मॉडेलना फक्त हेडफोनचं भोक असतं, स्वतंत्र लाइन आउट नसतो. आणि एकसष्ट पट्ट्या भजनाला, ऑर्केस्ट्राला पुरतात. पियानोचे धडे गिरवत असाल तर अठ्ठ्याऐंशी घ्या, तो वेगळा मामला.

भावाने एकसष्ट पट्ट्यांचा घेतला. पाठीवर बॅग लावून मोटरसायकलवर जातो.

पण सगळ्यात मोठा फरक पाडला तो पेडलने. पेटीमास्तरांचा पाय आठवतोय ना? कीबोर्डला भाता नसतो. हार्मोनियमचा टोन लावून पट्टी दाबली की सूर एकाच जाडीचा, सरळ दोरीसारखा निघतो आणि दोन मिनिटांत कान किटतात. आवाज कमी-जास्त करणारं एक्स्प्रेशन पेडल जोडलं की पायाखाली भाता परत येतो. सूर फुगतो, ओसरतो, गायकाच्या मागे उभा राहतो. मात्र ते लावायची सोय त्या मॉडेलला आहे का, हे पैसे देण्याआधी बघा. आणि डाव्या हाताखालचं पिच बेंडचं चाक किंवा दांडी हलवलीत तर मींडही निघते, जी खऱ्या पेटीत निघत नाही. आठवत असेल, याच कारणाने आकाशवाणीने १९४० साली पेटीला बंदी घातली होती, आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं.

बुवांचा स्वर काळी चार, पुढच्या बारीचे बुवा काळी पाच. ट्रान्स्पोजचं बटण दाबलं की झालं, बोटं तीच. फक्त ते परत शून्यावर आणायचं विसरलात तर पुढच्या अभंगाला जे काही होतं, ते शत्रूवरही येऊ नये. आणि लागणारे आठ-दहा टोन ओळीने बटणांवर साठवून ठेवायचे. गवळणीच्या मधोमध स्क्रीनवर टोन शोधणारा माणूस बुवांच्या चेहऱ्याकडे बघत नसतो.

विजेची उचकी? कॉम्प्युटरचा छोटा यूपीएस. कीबोर्डला वीज लागते ती किती, एखाद्या बल्बएवढी. खारा वारा हा मात्र मालवणचा खास शत्रू. जॅक आणि अडॅप्टरच्या पिना हिरवट पडतात, मग खरखर. महिन्यातून एकदा कॉन्टॅक्ट क्लीनर, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या, वाजवून झालं की सुती कापड. तुम्ही एसी गाडीतून थेट बीचवर गिग करायला जाणार असाल तर कीबोर्ड अर्धा तास बॅगेतच राहू द्या. गार यंत्र दमट हवेत एकदम उघडलं की आत पाणी धरतं.

यंदा जत्रेला मी पुन्हा गेलो. तेच आवार, तोच साउंडवाला, तेच दोन कर्णे. साउंडवाल्याने डीआयची डबी उलटीपालटी करून बघितली, "ह्या काय ता?" म्हणाला, आणि लावली. मी मामीबरोबर पारावर बसलो होतो, हातात खाजाचा पुडा. पहिला अभंग उभा राहिला. मधल्या जागेत भावाने पेडल हळूच खाली दाबलं आणि सूर गर्दीच्या डोक्यांवरून चालत आला.

मामीने खाजा तोडायचा थांबवला. "आयकाक येता हां आज," म्हणाली.

हप्ते अजून एकवीस बाकी आहेत.