पहारेकऱ्यांच्या हाताला धरणारी गाठ

गेल्या महिन्यात एक जुना विद्यार्थी घरी आला. हातात वडिलांच्या बायोप्सीचा रिपोर्ट. गालाच्या आतल्या बाजूला गाठ. तीस वर्षांची पान-तंबाखूची सवय. रिपोर्टातल्या एका ओळीवर बोट ठेवून त्याने विचारले, "सर, गाठीभोवती लिम्फोसाइट्सची दाटी आहे असं लिहिलंय. म्हणजे रोग पसरलाय का? आई तर 'एनातू, एनातू?' म्हणून सारखी विचारतेय."

मी मराठी शिकवणारा माणूस. ओळखीच्या एका पॅथॉलॉजिस्टना फोन लावला. ते म्हणाले, "ती ओळ घाबरण्याची नाही. ते शरीराचे पहारेकरी आहेत."

वाचकहो, लिम्फोसाइट्स म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. त्यांतल्या टी-पेशी बिघडलेली पेशी ओळखून मारतात. तोंडाच्या कर्करोगात ही मंडळी गाठीभोवती दाटीने जमली असतील, तर साधारणपणे ते बरे लक्षण मानतात. ओठाचा कर्करोगही हेच सांगतो. मूत्रपिंड बदललेल्या रुग्णांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घ्यावी लागतात, आणि त्यांच्यात ओठाचा कर्करोग इतरांहून पुष्कळ अधिक आढळतो. पहारा सैल पडला की चोर शिरतो.

मग पहारेकरी असूनही गाठ वाढते कशी? टी-पेशीने आपल्याच शरीरावर उलटू नये म्हणून निसर्गाने तिला 'पीडी-१' नावाचा ब्रेक दिला आहे. कर्करोगाची पेशी अंगावर 'पीडी-एल१' हे प्रथिन आणून नेमका तोच ब्रेक दाबते. सैन्य दारात उभे, पण हात बांधलेले! हे ब्रेक सोडवण्याची वाट दाखवल्याबद्दल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चे नोबेल मिळाले.

त्यावरची औषधे फार महाग. म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरिअलच्या डॉक्टरांनी निवोलुमॅब हे औषध नेहमीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी मात्रेत, इतर गोळ्यांच्या जोडीने देऊन पाहिले. डोके-मानेचा कर्करोग हाताबाहेर गेलेले १५१ रुग्ण त्यात होते. २०२३ साली छापलेल्या निष्कर्षानुसार, वर्षभरानंतर नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत शंभरी १६ जण हयात होते, औषधाची जोड मिळालेल्यांत ४३.

हे सारे ऐकल्यावर विद्यार्थी हळूच म्हणाला, "सर, काकांनी इम्युनिटी वाढवायचा काढा आणलाय. महिनाभर तो घेऊ, मग ऑपरेशनचं बघू, असं ठरलंय." माझ्या पोटात गोळा आला. काढ्याने तो ब्रेक सुटतो याला पुरावा नाही, आणि गाठ महिनाभर थांबत नाही. तोंडाच्या कर्करोगात शस्त्रक्रिया हाच बहुधा पहिला उपाय; नवी औषधे तिच्या जोडीला किंवा ती शक्य नसते तेव्हा. मी त्याच्या आईला फोन लावून हे माझ्या मोडक्या कन्नडमध्ये सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता. मग "आयतु सर" एवढेच. पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन झाले. उपचार चालू आहेत.

तोंडात दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, तोंड उघडायला त्रास, यांपैकी काही दिसले तर दाखवून या. मराठीत सांगा, कन्नडमध्ये सांगा, पण घरात सांगा. पहारेकरी आपले काम करताहेत. त्यांना वेळेवर कुमक पोचवणे आपल्या हातात आहे.