नोटीस कुणाच्या नावाने येते?

शेजारणीच्या दारात जाताना आपण आधी हाक मारतो. पण शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर तीन मजले चढणार असतील, तर आपल्याला हाक मारायचं बंधन कुणावरच नाही! महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ यानुसार बांधकामाचा अर्ज नगरपालिकेकडे जातो. नकाशा तपासला जातो, बाजूला किती जागा सोडली ते बघितलं जातं आणि परवानगी मिळते. तुमच्या स्वयंपाकघराचा उजेड जाणार हे तुम्हाला कळतं ते पायाचा खड्डा खणल्यावरच.

इंग्लंडमध्ये असं होत नाही. तिथे असा अर्ज आला की लगतच्या मालकांना पत्र जातं किंवा जागेवर फलक लागतो, आणि म्हणणं मांडायला किमान २१ दिवस मिळतात. निर्णय शेजारी घेत नाहीत, तो अधिकारीच घेतात. पण ऐकून मग घेतात.

आपल्याकडे काहीच नाही असं मात्र नाही. शहराचा विकास आराखडा तयार झाला, की राजपत्रात नोटीस निघते आणि हरकती-सूचनांसाठी ठरावीक मुदत मिळते. मंजूर आराखड्यात फेरबदल करायचा असेल, म्हणजे बागेचं आरक्षण उठवायचं असेल, तर याच कायद्याच्या कलम ३७ नुसार महिनाभराची मुदत देऊन हरकती मागवाव्या लागतात. शिवाय बाधित होणाऱ्यांना वेगळी नोटीस द्यावी लागते, त्यांचं ऐकून घ्यावं लागतं.

आता प्रश्न असा, की बाधित कोण? जिच्या पोराला खेळायला उद्या मैदान उरणार नाही, ती बाधित नाही का? नोटीस जाते ती ज्याच्या नावावर जागा आहे त्याला. आणि घर बहुतेक ठिकाणी सासऱ्यांच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर! कागद त्यांच्या हातात पडतो, कपाटात जातो आणि मुदत संपते. दिवसभर त्या घरात, त्या गल्लीत वावरणारी बाई मात्र अंधारात.

म्हणूनच मैत्रिणींनो, एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कलम ३७ च्या जाहीर नोटिशीवर 'कोणतीही व्यक्ती' हरकत घेऊ शकते. सातबारा किंवा मालमत्ता कर तुमच्या नावावर असायलाच हवा, असं नाही. भाड्याने राहत असाल तरी चालतं. साध्या कागदावर मराठीत लिहा, कुठली जागा आणि तुम्हाला काय अडचण ते सांगा, सुनावणी हवी असं नमूद करा आणि पोच घ्यायला विसरू नका. भिशीच्या दिवशी दहाजणींनी मिळून दहा वेगवेगळे अर्ज दिले तर उत्तमच. वर्तमानपत्रातली बारीक अक्षरातली 'जाहीर सूचना' रद्दीत टाकण्याआधी वाचायची सवय लावून घ्यायला हवी.

आणि शेजारच्या बांधकामाचं काय? तिथे माहितीचा अधिकार, २००५ कामी येतो. दहा रुपयांच्या अर्जावर मंजूर नकाशाची प्रत मागता येते. नकाशात एक आणि जागेवर दुसरंच दिसलं, तर लेखी तक्रार करता येते. पण हा सगळा उपाय नंतरचा. भिंत उभी राहिल्यावर ती पाडायला कोण येतं? परवानगीचा अर्ज आला की जागेवर एक फलक आणि लगतच्या घरांना एक पत्र, एवढी सक्ती सरकारने करायला काय हरकत आहे? एका कागदाचा तर खर्च! आपल्या वॉर्डाच्या नगरसेविकेला पुढच्या वेळी भेटाल तेव्हा हे जरूर विचारा.