विश्वास ठेवा, नाहीतर उठा
लॉस एंजेलिसच्या स्टुडिओ सिटीत काझुनोरी नोझावा यांनी १९८७ मध्ये ‘सुशी नोझावा’ हे सुशीचं दुकान सुरू केलं. पाटी होती, ‘ट्रस्ट मी’. काउंटरवर बसणाऱ्यानं शेफ देईल तेच खायचं, तेही लगेच. कॅलिफोर्निया रोल मागणाऱ्याला थेट बाहेरची वाट. गिऱ्हाइकं चिडत, तरी रांगा लागत. नियमांमागे कारण होतं, हे मान्य करायलाच हवं: सुशीचा भात कोमट असतानाच खायचा, आणि नोरीचा, म्हणजे सुशीभोवतीच्या समुद्री शेवाळाच्या पापडीचा, कुरकुरीतपणा काही मिनिटांत जातो. ‘लगेच खा’ हा हट्ट म्हणून रास्त. पण पैसे मोजून आलेल्या माणसाला चारचौघांत उठवणं अजिबात रास्त नाही! नियम दारावर लिहावेत, फोनवर सांगावेत. पटेल तो बसेल. २०१२ मध्ये ते दुकान बंद झालं. नोझावांचा कोमट भात मात्र ‘शुगरफिश’ या साखळीत आजही मिळतो.