शिबिराला जायचंय? आधी पाच प्रश्न!

दोस्तांनो, वार्षिक परीक्षा संपत आली की घराघरात एकच विषय : सुट्टीत काय करायचं? पोहणं, कराटे, नाट्यशिबिर, गडावरचं निवासी शिबिर... पण आजचं हे पान एकट्याने वाचायचं नाही, बरं का! आई-बाबांना शेजारी बसवा.

माझ्या दहा वर्षांच्या भाचीला पोहायला शिकायचं होतं. दाजी आणि मी तलाव बघायला गेलो. पाणी स्वच्छ, फरशी चकचकीत, फी भरायला ही रांग! दाजींनी खिडकीतल्या माणसाला विचारलं, "मुलं पाण्यात असताना काठावरून लक्ष कोण ठेवतं?"

"मीच की!"

"आणि तुम्ही इथे पावत्या फाडत असता तेव्हा?"

तो हसला. "अहो, काही होत नाही इथे."

आम्ही फी न भरताच परतलो. भाची दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पण बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही. हाक मारायला त्याच्याजवळ श्वासच नसतो. बहुतेक वेळा ते आवाज न करता खाली जातं. म्हणून फक्त बघत राहणं हेच ज्याचं काम, असा जीवरक्षक काठावर हवाच.

१८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. १२ मुलं आणि २ शिक्षिका दगावल्या. बोटीत प्रमाणाबाहेर माणसं होती आणि सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हती. बोट सुटण्यापूर्वीच "किती जण बसणार? जॅकेट सगळ्यांना आहेत का?" असं विचारून ती थांबवायला हवी होती.

तेव्हा आई-बाबांनो, पैसे भरण्याआधी एवढं विचाराच :

१. मुलांबरोबर प्रत्यक्ष कोण असणार? एका मोठ्या माणसामागे मुलं किती? त्या माणसांची आधी चौकशी केली आहे का?

२. प्रथमोपचाराची पेटी कुठे आहे, ती वापरता कोणाला येते आणि जवळचा दवाखाना किती लांब?

३. मुलाला घरी न्यायला कोण आलं, तरच सोडणार?

४. मुक्काम असेल तर मुलामुलींची झोपण्याची सोय वेगळी आहे का? मुलींसोबत बाई असतात का?

५. आम्ही न कळवता मधेच डोकावलो तर चालेल ना?

पाचव्या प्रश्नावर कोणी कपाळाला आठ्या घातल्या, तर सरळ दुसरा क्लास शोधा. चांगला संयोजक प्रश्नांनी चिडत नाही.

आता तुमच्यासाठी, दोस्तांनो. सर असोत, ताई असोत की मोठा दादा, "हे आपलं गुपित, घरी सांगू नकोस" असं कोणी म्हणालं, तर ते त्याच दिवशी घरी सांगायचं. नकोसा स्पर्श झाला तरीही. चूक तुमची नसते. १८ वर्षांखालच्या सर्वांसाठी २०१२ सालचा 'पॉक्सो' कायदा आहे. घरी सांगणं जमत नसेल, तर १०९८ हा फोन फुकट लागतो.

आणि भाची? दुसऱ्या तलावावरच्या सरांनी आम्ही विचारण्याआधीच जीवरक्षकाची उंच खुर्ची दाखवली. तिथे ती महिन्याभरात पोहायला शिकली. आता रुसवा गेलाय, पण मला अजून पाण्यात ओढते!

तुमचा,
मामा