रंगीत फोटो तांबडा का पडतो?

घरातल्या लोखंडी पेटीतला जुना अल्बम एकदा बाहेर काढा. पणजोबांचा काळा-पांढरा फोटो थोडा पिवळसर झाला असेल, पण मिशीचा केस न् केस दिसतो. आजी-आजोबांच्या लग्नाचा, १९८० च्या सुमाराचा रंगीत फोटो मात्र तांबूस पडलेला असतो. शालूचा हिरवा रंग गेला, आकाशाचा निळा गेला. नंतर काढलेला फोटो आधी का विटावा?

काळ्या-पांढऱ्या फोटोतला काळा रंग म्हणजे चांदीचे सूक्ष्म कण. रंगीत कागदावर शेवटी चांदी ठेवतच नाहीत, रसायनांनी ती काढून टाकतात. उरतात ते तीन थरांतले सेंद्रिय रंग: पिवळा, किरमिजी आणि मोरपंखी. १९४२ साली कोडॅक कंपनीने रंगीत निगेटिव्हवरून कागदी प्रती काढण्याची सोय बाजारात आणली, तीही याच तत्त्वावर. सेंद्रिय रंगांचे रेणू उष्णतेने आणि दमट हवेने बंद पेटीतसुद्धा मोडतात. त्या काळच्या पुष्कळ कागदांत अंधारात सर्वांत कच्चा ठरला तो मोरपंखी थर. आता भौतिकशास्त्र पाहा. मोरपंखी रंगाचे काम लाल प्रकाश शोषण्याचे. तोच विटला की लाल प्रकाश न अडता परत येतो आणि सगळे वऱ्हाड तांबडे दिसू लागते! दुकानाच्या काचेत उन्हात ठेवलेला फोटो मात्र बहुधा निळसर पडतो. तेथे आधी हरतात ते दुसरे दोन रंग.

हे फळ्यावर सांगून पटत नाही, हाताने करून पटते. म्हणून माझे मत असे, की शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या प्रत्येक माध्यमिक शाळेने वर्षातून एकदा तरी उन्हात फोटो छापावा. रंगीत कागद आपल्याला बनवता येणार नाही. पण लोहाच्या क्षारांचा निळा फोटो येतो. जॉन हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने १८४२ साली ही रीत शोधली. पुढे कारखान्यांचे आणि रेल्वेचे नकाशे याच रीतीने निघत. ‘ब्लू प्रिंट’ हा शब्द तेथलाच; आता तो बहुतेक भाषणांपुरता उरला आहे.

१०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट आणि दुसऱ्या १०० मिलिलिटरमध्ये १० ग्रॅम पोटॅशियम फेरीसायनाइड विरघळवा. दोन्ही सारख्या प्रमाणात मिसळून, खोलीत साधा पिवळा बल्ब लावून, जाड कागदावर ब्रशने लावा आणि अंधारात वाळवा. वर शेवग्याची डहाळी व काच ठेवून कागद दहा-पंधरा मिनिटे उन्हात धरा. अतिनील किरणांमुळे फेरिक लोहाचे फेरस होते आणि त्यातून प्रशियन निळा तयार होतो. मग फक्त पाण्याने धुवायचे. हातमोजे घाला, शिक्षक जवळ असू द्या, आणि फेरीसायनाइडजवळ तीव्र आम्ल किंवा विस्तव नको.

एक सूचना खास आपल्या भागासाठी. अल्कली या निळ्याचा वैरी. बोअरचे पाणी खारे, जड असेल तर चित्र फिके पडते. धुण्याच्या पहिल्या पाण्यात लिंबाचे थोडे थेंब पिळा.

काही शिक्षक म्हणतात, खिशात मोबाईल असताना हा खटाटोप कशाला? मोबाईल वापराच की! लग्नाच्या त्या तांबड्या फोटोचा मोबाईलवर फोटो घ्या, त्याचे काळे-पांढरे उलटे रूप पारदर्शक कागदावर छापून आणा. ही झाली निगेटिव्ह. तिच्यावरून निळी प्रत काढा. मूळ फोटो कोरड्या, थंड जागी ठेवा. पत्र्याच्या छपराखालचा माळा ही त्याची सर्वांत वाईट जागा. फोटोतल्या माणसांची नावे मात्र आजोबांना आजच विचारून वहीत उतरवा. रंगाचे रसायन मी सांगू शकतो, डावीकडून तिसरी बाई कोण हे सांगू शकत नाही.

निळी प्रत तरी अमर आहे का? तेही तपासा. अर्धी प्रत काळ्या पुठ्ठ्याने झाकून ती महिनाभर खिडकीत ठेवा. उघडा भाग फिका पडला, तर प्रत कपाटातल्या अंधारात ठेवून द्या, पण हवा लागू द्या. काही दिवसांनी पाहा: ऑक्सिजनमुळे निळा रंग बराचसा परत आलेला दिसेल.