तराफ्यास काय बांधावें?

उल्हास नदीच्या काठच्या आमच्या वाचकांस २६ जुलै २००५ आणि २७ जुलै २०१९ या तारखांची ओळख करून देण्याची जरुरी नाहीं. दुसऱ्या खेपेस तर बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यांत अडकली, आणि सुमारें १०५० उतारूंना सोडविण्यासाठीं रबरी नौका आणाव्या लागल्या. अशा वेळीं तळमजल्यावरील आजीबाईंना व तान्ह्या मुलाला समोरच्या उंच घरापर्यंत पोंचविण्यापुरता तराफा घरींच सिद्ध ठेवतां येईल काय, असें आम्हांस विचारण्यांत येतें. येईल, मात्र सारें कांहीं तरंगणाऱ्या वस्तूच्या निवडीवर आहे.

आपल्या पूर्वजांनीं ही निवड केव्हांच केली होती. वाळलेले भोपळे एकत्र बांधून केलेल्या सांगडीवर लोक नद्या उतरत. 'सांगड घालणें' हा शब्दप्रयोग आपण आजहि करतों, भोपळे मात्र विसरलों. विहिरींत पोहावयास शिकणाऱ्या मुलाच्या पाठीस तेलाचा बंद डबा बांधीत, त्यांतील तत्त्वहि हेंच. एक लिटर पाणी बाजूस सारणारी वस्तु एक किलो भार उचलते. त्यांतून तिचें स्वतःचें वजन वजा करावें.

आज सोयीचें साधन म्हणजे २०० लिटरचें प्लास्टिकचें पिंप. त्याचें वजन नऊ किलोंच्या आसपास. अशीं चार पिंपें अर्धींच बुडतील असा हिशेब धरला, तर ४०० किलो भार उचलला जातो. पिंपांचे ३६ आणि बांबूंच्या ताटीचे सुमारें ६० किलो वजा जातां तीनशेंच्या वर उरतात. चार माणसें व एक गांठोडें यांस तें पुरे. पांचव्याने मोह आवरावा!

अंबरनाथ-बदलापूरच्या रासायनिक कारखान्यांतून रिकामीं झालेलीं पिंपें भंगाराच्या दुकानांत स्वस्त मिळतात. त्यांत पूर्वीं काय होतें हें कळल्यावांचून तीं घेऊं नयेत, आणि लोखंडी असल्यास त्यांस डाग देण्याचा उद्योग तर मुळींच करूं नये. आंतील वाफेचा स्फोट होतो. खाद्यतेलाचीं अथवा सरबताचीं पिंपें बरीं. बुचाखालीं रबरी चकती असावी व बूच वरच्या अंगास यावें. उन्हांत तापलेली आंतील हवा पाण्यांत निवतांच आकसते आणि ढिल्या बुचांतून पाणी ओढून घेते.

थर्मोकोल हलका खरा, परंतु उन्हानें व घर्षणानें त्याचे कण सुटतात आणि पेट्रोल लागल्यास तो विरघळतो. तो घ्यावयाचाच तर जाड ताडपत्रींत शिवून घ्यावा. मोटारीची फुगविलेली नळी उत्तम, पण एका खिळ्यानें तिचा जीव जातो. म्हणूनच आमचा कौल वीस लिटरच्या पुष्कळशा बंद डब्यांना आहे: एक फुटला तरी बाकीचे तारतात.

बांधणीस तागाचा सुंभ नको, तो कुजतो. ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या घट्ट बसतात. तराफा नदीच्या धारेंत कदापि घालूं नये. आळींतल्या संथ पाण्यांत, दोन्ही घरांमध्यें ताणलेल्या दोरास धरून, घरांतील विजेचें मुख्य बटण बंद केल्यावरच तो चालवावा. ज्येष्ठांत पिंपें एकदां हौदांत रात्रभर बुडवून ठेवावींत. सकाळीं हलवितांच जें खळखळेल तें बाद करावें.