मांजराला हवा माळा

गेल्या पावसाळ्यात वेवजीतील एक गृहस्थ आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. मुलाच्या गालावर घरच्या मांजराचे ओरखडे होते आणि रक्तही आले होते. "डॉक्टरसाहेब, मांजर पिसाळलंय का हो? आठवड्यात दुसऱ्यांदा झालं. कालपासून खाटेच्या पायाला बांधून ठेवलंय." पहिल्या वेळी त्यांनी हळद दाबून भागवले होते.

मांजराच्या ओरखड्याकडे असे दुर्लक्ष करू नये. रेबीज कुत्र्याप्रमाणे मांजरापासूनही होतो. जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. मुलाला लस आणि जखमेत द्यायचे सिरम यांसाठी सरकारी रुग्णालयात पाठवले. मग मी घराची चौकशी केली, आणि आजचा विषय तिथेच निघाला.

दहा बाय बाराची स्लॅबची खोली, गुळगुळीत लादी, कपाटावर छतापर्यंत बोचकी. मांजर दिवसभर जमिनीवर, म्हणजे मुलाच्या हाताच्या टप्प्यात. मूल शेपूट ओढणार आणि पळायला जागा नसलेले मांजर नखे काढणार. त्यात त्याला बांधले, म्हणजे उरलीसुरली वाटही बंद.

आपल्या डहाणू-तलासरीच्या कुडाच्या घरांत हा प्रश्न फारसा नव्हता. घराला माळा होता, लाकडी खांब होते, दाराबाहेर आंबा किंवा चिकू होता. मांजर लहान शिकारी असले तरी मोठ्या जनावरांचे भक्ष्यही असते. म्हणून उंचावर बसून खालची हालचाल पाहता आली की ते निश्चिंत होते. खांब ओरबाडणे हीसुद्धा खोड नव्हे. त्याने नखांवरची जुनी साल निघते, अंग ताणले जाते आणि पंजांतील ग्रंथींचा वास लागून जागा आपली होते. सतत ताणाखाली राहिलेल्या मांजराला मूत्राशयाचा दाह होऊ शकतो. नरात लघवी तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेतते. पक्के घर बांधताना आपण माळा काढला, तेव्हा मांजराचा विचार कोणी केला नाही, आणि तसा तो करायचे कारणही नव्हते.

माझे मत असे, की मांजर घरात कोंडून ठेवायचे असेल तर त्याला माळा परत द्यावा. शहरात तयार मिळणारी मांजराची झाडे मला पसंत नाहीत. महाग, हलकी आणि वर न धुता येणारी नकली लोकर. त्यापेक्षा गावचा सुतार बरा. चार इंच जाडीचा, तीन-साडेतीन फुटी लाकडी खांब घ्यावा. मांजराने पुढचे पाय वर ताणले तरी खांब उरला पाहिजे. तळाला दोन फूट बाय दोन फुटांची जाड फळी, माथ्यावर दीड फुटाची बसायची फळी. खांबाला अर्धा इंची काथ्याचा सुंभ घट्ट गुंडाळावा. अडीच फूट गुंडाळायला सुमारे 70 फूट लागतो. नायलॉनची दोरी नको, तिच्यात नखे अडकतात. लोंबते दोरे तर मुळीच ठेवू नयेत, कारण मांजराने गिळलेला दोरा आतडी कापतो.

वरच्या फळीवर गोणपाट घालावे, पण खिळ्यांनी ठोकू नये. आपल्याकडच्या पावसात ते ओले राहते, त्यात पिसवांची अंडी साठतात आणि मांजराला नायटा असेल तर तो त्या कापडातून घरातल्या मुलांनाही लागतो. आठवड्याला काढून गरम पाण्याने धुवावे, कडक वाळवावे. लाकूड फिनेलने पुसू नये, जवळ डांबरगोळ्या ठेवू नयेत. मांजर पंजे चाटते आणि त्याच्या यकृताला ही विषे पचत नाहीत.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खांबाचा माथा लोखंडी अँगलने भिंतीला बोल्ट करावा. नोव्हेंबर 2018 पासून आपल्या भागात भूकंपाचे धक्के सुरू झाले, तेव्हा लोक घराबाहेर झोपले होते, हे कोणी विसरलेले नाही. मोकळा उभा खांब धक्क्याने झोपलेल्या माणसावर पडेल. धक्का नसला तरी पाच किलोचा बोका वरून उडी मारतो तेव्हा ओढ कमी नसते.

"पोरांना धड खाट नाही आणि मांजराला झाड?" असे एका आजींनी मला सुनावले. त्यांचे बरोबर आहे. ज्यांचे मांजर उंदरांसाठी पाळलेले आहे, घरभर आणि वाडीभर फिरते, त्यांनी एक पैसाही खर्चू नये. रेबीजची लस मात्र त्या मांजरालाही द्यावी, तीन महिन्यांचे झाल्यावर आणि पुढे पशुवैद्य सांगतील तशी. झाड केले म्हणून लस चुकवता येत नाही.

त्या गृहस्थांनी खांब केला, पण मांजर आठ दिवस त्याच्याकडे फिरकले नाही. खांब दारामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात होता. तो खिडकीपाशी हलवायला आणि वर मांजराच्या नेहमीच्या झोपण्याची चिंधी टाकायला मी सांगितले. अठ्ठाविसाव्या दिवशीची शेवटची सुई घेऊन मुलगा कार्ड दाखवायला आला, तेव्हा मांजर वर बसू लागले होते आणि नवे ओरखडे नव्हते.

"आता हाच वर चढतो," वडील म्हणाले. बोल्ट अजून बसवला नव्हता. मी त्यांना तसेच सुताराकडे पाठवले.